लाकडाने घेतलेलं विटेचं सोंग

स्वीडनमधल्या खेड्यापाड्यांतले जमीनदारांचे जुने वाडे पाहून वाटतं, जंगलातलं लाकूड आपसूक या रूपाला आलं असावं. पण पुरावा उलटं सांगतो: हे लाकूड मुळात विटेचं सोंग घेऊन उभं राहिलं. सतराव्या शतकात तिथल्या उमरावांना युरोपातल्या विटांच्या प्रासादांची भुरळ पडली. हाताशी होते पाइन-स्प्रूसचे ओंडके. मग भिंती लाल रंगवल्या आणि कोपऱ्यांवरच्या उभ्या फळ्या पांढऱ्या केल्या, म्हणजे लांबून वीट आणि घडीव दगड दिसावा. रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतला. टाकाऊ दगडमाती वर्षानुवर्षं उघड्यावर मुरू द्यायची, मग धुऊन, भाजून तिची पूड करायची. ती पाणी, राय धान्याचं पीठ आणि हिराकस यांच्यासोबत शिजवली की लापशीसारखा दाट रंग तयार. राजा योहान तिसरा याने सोळाव्या शतकातच तो राजवाड्याच्या छपरासाठी मागवला होता. झोपडीचा म्हणून आज ओळखला जाणारा हा रंग असा वरून खाली उतरला.

यावर आक्षेप येतो की रंगाने लाकूड टिकतं, त्यात मिरवणं कुठलं? टिकतं हे खरंच. पण अठराव्या शतकात फ्रेंच रुचीचं वारं आलं, तशी वाडेवाल्यांनी लाली सोडून पिवळा आणि फिकट राखाडी रंग धरला. कित्येकांनी ओंडक्यांवर गिलावाही चढवला. लाकूड तेच, हवा तीच; बदलली ती चाल. शेतकऱ्यांनी लाल उचलला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. आडगावच्या जमीनदाराला राजधानीची चाल कळत कशी होती, हा प्रश्नही रास्त आहे. त्याचं उत्तर कार्ल विनब्लादच्या 1755च्या आराखड्यांच्या पुस्तकात सापडतं: चाळीस घरं दगडाची, तीस लाकडाची, एकाच पुस्तकात शेजारी शेजारी. मधोमध मुख्य घर, पुढ्यात अंगण, दोन्ही अंगांना जुळ्या इमारती ही मांडणी तर सवयीचीच झाली.

वेर्मलांडमधलं मोरबाका हे चालीप्रमाणे घर बदलण्याचं उशिराचं आणि सर्वांत बोलकं उदाहरण. लेखिका सेल्मा लागरलोफ हिला 1909मध्ये नोबेल मिळालं; त्या पैशाने तिने वडिलोपार्जित इस्टेटीची जमीन परत मिळवली. 1921 ते 1923 या काळात वास्तुकार इसाक गुस्ताफ क्लासनने तिथलं बैठं घर उंच छपराच्या, खांबांच्या प्रासादात बदललं. बालपणीच्या त्या जुन्या घरावरचं तिचं पुस्तक 1922मध्ये आलं, म्हणजे बांधकाम चालू असतानाच.