कुंचला आणि लेखणी : पालक्काडचे ओ. व्ही. विजयन

आपला बाप्पा चौदा विद्या, चौसष्ट कलांचा अधिपती. व्यासांनी महाभारत सांगितले आणि त्याने ते लिहून काढले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून समितीने लेख मागितला तेव्हा ठरवले, की ज्या पालक्काडने आपल्याला पोटाला लावले, तिथल्याच एका लेखणी-कुंचल्याच्या धन्याची ओळख करून द्यावी. मी डिप्लोमा झालेला रेल्वे इंजिनिअर, साहित्याचा अभ्यासक नव्हे. चूकभूल द्यावी घ्यावी.

विजयन हे नाव प्रथम ऐकले ते आमच्या सेक्शनमधल्या एका कीमनकडून. दुपारी रुळाकडेला डबा खाताना समोरच्या ताडांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "साहेब, हे सगळे विजयनच्या पुस्तकात आहे." हातोडा-पाना घेऊन रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसाला एक कादंबरी आपल्या गावाइतकी जवळची वाटते, याचे मला नवल वाटले. मग चौकशी सुरू केली.

विजयन यांचा जन्म २ जुलै १९३० रोजी पालक्काड जिल्ह्यात झाला. वडील मलबार स्पेशल पोलीस दलात होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजीत एम. ए. करून त्यांनी काही काळ प्राध्यापकी केली आणि १९५८ मध्ये दिल्ली गाठली. तिथे 'शंकर्स वीकली'त आणि नंतर 'पेट्रियट' दैनिकात ते व्यंगचित्रे काढू लागले. आपल्याला व्यंगचित्रकार म्हटले की आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब आठवतात. विजयन यांची जात वेगळी. त्यांचे चित्र पाहून हसू येण्याआधी माणूस विचारात पडतो. 'कलाकौमुदी' साप्ताहिकातल्या त्यांच्या चित्रमालिकेच्या नावाचा अर्थच मुळी 'थोडी करमणूक, थोडे दर्शन' असा होता.

पण मल्याळी माणसाच्या मनात ते बसले ते 'खसाक्किन्टे इतिहासम्' या कादंबरीमुळे. १९५६ मध्ये त्यांची बहीण तसराक या खेड्यात एकशिक्षकी शाळेवर शिकवत होती. तिच्याकडे ते राहायला गेले. तेव्हा ते कम्युनिस्ट विचारांचे होते आणि क्रांतीची कादंबरी लिहिणार होते. त्याच वर्षी हंगेरीतला उठाव रणगाड्यांनी चिरडला गेला आणि पुढे तिथले नेते इम्रे नॉज यांना फाशी झाली. विजयन यांचा विश्वास हादरला. ठरलेली कादंबरी बाजूला पडली आणि तसराकची माणसेच कागदावर उतरू लागली. मुल्ला, शिंपी, भोळसट अप्पुक्किळी, देवीची साथ, आणि मनावर अपराधाचे ओझे घेऊन आलेला रवी मास्तर. एका पुस्तकावर सुमारे बारा वर्षे! १९६८ मध्ये ती 'मातृभूमी' साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १९६९ मध्ये पुस्तकरूपाने. मल्याळम कादंबरीचे 'खसाकच्या आधी' आणि 'खसाकनंतर' असे दोन भाग लोक पाडतात.

सत्ता कोणाचीही असो, विजयन यांनी तिची भीड ठेवली नाही. 'धर्मपुराणम्' ही राज्यकर्त्यांची सालटी काढणारी कादंबरी १९७५ मध्ये क्रमशः येणार, तोच आणीबाणी लागली. पुस्तक निघायला १९८५ उजाडले. पुढे 'गुरुसागरम्'साठी १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि २००३ मध्ये पद्मभूषण मिळाले.

मला मात्र त्यांची 'कडलतीरत्त' म्हणजे 'समुद्रकिनारी' ही कथा सर्वांत जवळची. माझ्या मुलीने ती मला वाचून, मराठीत सांगितली. वेळ्ळायिअप्पन हा गरीब बाप भाताचे गाठोडे घेऊन कण्णूरच्या गाडीत बसतो. तुरुंगात त्याच्या मुलाला पहाटे फाशी होणार असते. शेवटची भेट होते. प्रेत गावी न्यायला पैसे नसतात. शेवटी तो किनाऱ्यावर गाठोडे सोडून भात ठेवतो आणि कावळे उतरतात.

पुढे मुलीला वाचता येईना आणि मलाही ऐकवेना. माझे वडील गेले तेव्हा दोन दिवसांचा प्रवास करून मी गावी पोचलो. अंत्यदर्शन चुकले, दहाव्याचा भात तेवढा माझ्या हातून ठेवला गेला. आपल्या गलाई बांधवांपैकी कितीजणांवर ही वेळ आली असेल! ज्या मार्गावरून वेळ्ळायिअप्पनची गाडी गेली, तो कण्णूरपर्यंत आमच्याच डिव्हिजनचा. तेव्हापासून रात्रीची गाडी गेली की वाटते, यात कोणाचा बाप कुठे निघाला असेल?

विजयन यांच्या आयुष्याची अखेर कठीण गेली. कंपवाताने हात थरथरू लागला. ज्याची रेषा राज्यकर्त्यांना बोचत असे, त्याच्या हातात कुंचला ठरेना. ३० मार्च २००५ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार मात्र इथे, भारतपुळा नदीकाठी झाले.

तसराकमधले ते राहत होते ते घर आता त्यांचे स्मारक आहे. आपण इथे वर्षानुवर्षे राहतो, पण ड्यूटी, दुकान आणि सुट्टीत गाव यापलीकडे हा मुलूख किती पाहिला? विसर्जनानंतरच्या एखाद्या रविवारी मुलाबाळांसह तिकडे जाऊया. आपल्याला मल्याळम वाचता आले नाही तरी मुले वाचून दाखवतील.

गणपती बाप्पा मोरया!