खडकावरील पान

इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात चार्नवुड नावाचा खडकाळ, रानाळ मुलूख आहे. १९५६ साली तेथील एका दगडखाणीत टीना नेगस या पंधरा वर्षांच्या मुलीला खडकावर नेच्याच्या पानासारखा एक ठसा दिसला. शाळा उघडल्यावर तिने भूगोल शिकविणाऱ्या बाईंना ते सांगितले. बाई म्हणाल्या की, इतक्या जुन्या खडकांत जीवाश्म नसतातच. मुलगी निरुत्तर झाली. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे ही हकीकत वाचताना मला त्या मुलीइतकाच त्या बाईंचाही विचार करावासा वाटतो.

बाईंनी सांगितले ते त्या काळच्या पुस्तकांना धरूनच होते. सुमारे चोपन्न कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कॅम्ब्रियन कालखंडातील खडकांत प्राण्यांचे अवशेष विपुल सापडतात; त्याखालील थर मात्र जवळजवळ रिकामे, अशी समजूत होती. हे प्राणी मग एकाएकी आले कोठून? १८५९ च्या आपल्या ग्रंथात डार्विननेही ही अडचण गंभीर असल्याचे प्रांजळपणे मान्य केले होते.

पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, रॉजर मॅसन हा शाळकरी मुलगा मित्रांसह तेथे प्रस्तरारोहणास गेला आणि त्यालाही तोच ठसा दिसला. त्याने कागद ठेवून पेन्सिलीने त्याची छाप घेतली. ती वडिलांमार्फत लेस्टर येथील भूशास्त्रज्ञ ट्रेव्हर फोर्ड यांच्याकडे पोहोचली. फोर्ड स्वतः खाणीत गेले, त्यांनी ठसा पाहिला, आणि १९५८ साली त्यास ‘चार्निया मॅसोनी’ असे नाव दिले. ते खडक सुमारे छप्पन्न कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

पण हे पान वनस्पतीचे की प्राण्याचे? फोर्ड यांना ते शेवाळवर्गीय वाटले होते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकारा टेकड्यांत रेजिनाल्ड स्प्रिग यांना १९४६ साली अशाच प्राचीन मृदुकाय जीवांचे ठसे सापडले होते. त्यांचे अभ्यासक मार्टिन ग्लेसनर यांनी चार्नियाही प्राणीच असावा असे मत मांडले. चार्निया ज्या सागरतळाला रुजून उभा होता, तेथवर सूर्यप्रकाश पोहोचत नव्हता. तेव्हा तो वनस्पतीप्रमाणे प्रकाशावर जगणे शक्य नव्हते. प्राण्याची ओळख डोळे, पाय वा तोंड यांवरून ठरत नाही. अनेक पेशींचे शरीर, पेशींना कठीण भिंत नसणे आणि बाहेरून मिळविलेल्या अन्नावर जगणे, ही त्याची मूळ लक्षणे होत. २०१८ साली रशियातील श्वेत समुद्राकाठच्या खडकांतील डिकिन्सोनिया या तत्कालीन जीवाच्या अवशेषांत कोलेस्टेरॉलचे अंश आढळले, आणि तोही प्राणीच होता याला बळकट पुरावा मिळाला.

या गोष्टीची दुसरी बाजू आपल्या अगदी जवळची आहे. भोपाळनजीक भीमबेटका येथील एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनियाचा ठसा असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रांनी ती बातमी आनंदाने छापली. पुढे दुसरे संशोधक तेथे गेले, तेव्हा तो ‘ठसा’ खडकापासून सुटू लागला होता. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले! मूळ संशोधकांनीही २०२३ मध्ये आपली चूक मान्य केली. ही कबुली मला त्या शोधाहून कमी मोलाची वाटत नाही.

चार्नवुडला खरा ठसा नाकारला गेला, भीमबेटक्याला खोटा स्वीकारला गेला. दोन्ही ठिकाणी निर्णय झाला तो कोणीतरी पुन्हा खडकापाशी जाऊन नीट पाहिले म्हणून. टीनानेही आपल्या ठशाची छाप घेऊन ठेवली होती, आणि आज या शोधाच्या इतिहासात तिचेही नाव आदराने घेतले जाते. वर्गात एखादे मूल ‘मी पाहिले’ असे म्हणाले, तर पुस्तक क्षणभर मिटून ‘चल, दाखव’ म्हणण्याइतकी सवड आम्हा शिक्षकांजवळ असावी, एवढेच सांगून हे भाषण पुरे करतो.