टीव्हीचे लाकडी घर

आपल्या मंडळींच्या घरी हल्ली एक विषय हमखास निघतो. मुले आपापल्या गावी स्थिरावली, चार बेडरूमचे घर आता मोठे वाटू लागले, लहान जागेत जायचे ठरले. पण बेसमेंटमधल्या त्या भल्यामोठ्या ओकच्या 'एंटरटेनमेंट सेंटर'चे करायचे काय? मुलांना ते नको असते. देणगी म्हणून द्यायला जावे, तर जुने सामान घेणाऱ्या संस्थाही बऱ्याचदा नम्रपणे नकार देतात. एके काळी हौसेने, चार दुकाने पालथी घालून आणलेली ही वस्तू अशी निराधार का व्हावी? त्याचे उत्तर टीव्हीच्या पोटात दडलेले आहे, आणि ते शोधायला थोडे मागे जावे लागेल.

३० एप्रिल १९३९ रोजी न्यूयॉर्कचे जागतिक प्रदर्शन सुरू झाले. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे उद्घाटनाचे भाषण टीव्हीवरून दाखवले गेले आणि अमेरिकेत टीव्हीचे नियमित प्रसारण चालू झाले. आरसीए कंपनीने त्या वेळी मांडलेल्या संचांत 'टीआरके-१२' हा सर्वांत मोठा होता. किंमत ६०० डॉलर. त्या काळी एवढ्या पैशांत नवी मोटार येत असे! अक्रोडाच्या लाकडाचे त्याचे कॅबिनेट जॉन व्हासोस या ग्रीक वंशाच्या स्थलांतरित कलाकाराने घडवले होते. गंमत अशी, की संचाच्या समोरच्या बाजूला पडदाच नव्हता. वरचे झाकण उघडायचे, त्याच्या आतल्या बाजूला आरसा असायचा, आणि त्या आरशात पडलेले प्रतिबिंब घरच्यांनी पाहायचे.

हा खटाटोप कशासाठी? पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या टोकातून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत पडद्याच्या कानाकोपऱ्यापर्यंत वळवावा लागतो. त्या काळी हा झोत फार वळवता येत नसे. त्यामुळे १२ इंची पडद्यासाठीही ट्यूब चांगली लांबलचक लागे. ती आडवी ठेवली तर पेटी अर्ध्या दिवाणखान्यात शिरणार. म्हणून ट्यूब उभी ठेवली आणि वर आरसा लावला. प्रतिबिंबात डावे-उजवे बदलू नये म्हणून चित्र मुळातच उलटे काढले जाई. पुढची साठ वर्षे टीव्हीच्या फर्निचरचा सगळा इतिहास म्हणजे या एका खोलीशी, म्हणजे ट्यूबच्या मागच्या लांबीशी चाललेला झगडा आहे. झोत वळण्याचा कोन पन्नासएक अंशांवरून हळूहळू वाढत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ११० अंशांपर्यंत गेला. पेटी तेवढी आखूड झाली. पण तिची पाठ काही पूर्ण सपाट झाली नाही.

महायुद्ध संपले आणि टीव्ही झपाट्याने घरोघरी शिरला. १९५० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ९ टक्के घरांत टीव्ही होता. १९६० मध्ये हे प्रमाण ८७ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत एवढी मोठी वस्तू घरात आली, तिला बसवायचे कुठे? लिन स्पिगेल या अभ्यासिकेने 'मेक रूम फॉर टीव्ही' या १९९२ च्या पुस्तकात त्या काळातली महिला मासिके आणि जाहिराती चाळून हाच प्रश्न उलगडला आहे. पियानो हलवायचा का? शेकोटीसमोरच्या खुर्च्या वळवायच्या का? पाहुण्यांदेखत यंत्राचा काळा डोळा उघडा ठेवणे बरे दिसते का? उपाय निघाला तो लाकडाचा. टीव्हीला कपाटाचे, जुन्या इंग्रजी धाटणीच्या टेबलाचे रूप दिले, पुढे दारे लावली. घरातल्या यंत्राने फर्निचर असल्याचे सोंग घेतले.

दुसरी एक वाट जॉर्ज नेल्सन आणि हेन्री राइट या वास्तुतज्ज्ञांनी दाखवली होती. १९४५ च्या 'टुमॉरोज हाउस' या पुस्तकात त्यांनी दोन खोल्यांमधली भिंतच कपाट म्हणून वापरा, असे सुचवले. पुस्तके, रेडिओ, खेळ, सगळे त्या भिंतीत. सगळ्या कुटुंबाने एकत्र वावरायच्या खोलीचा विचारही त्यांनी तिथेच मांडला. आज आपण सहज 'फॅमिली रूम' म्हणतो, तो शब्द रूढ होण्यात या पुस्तकाचा वाटा आहे. आपले एंटरटेनमेंट सेंटर हे त्या भिंतीचेच दूरचे नातवंड म्हणायला हरकत नाही.

१९५४ मध्ये आरसीएचा पहिला रंगीत संच आला: १५ इंची ट्यूब, किंमत १००० डॉलर. पुढे १९६० आणि ७० ची दशके कन्सोलची. झेनिथ, मॅग्नावॉक्स, आरसीए यांचे २५ इंची संच जमिनीवर ठाण मांडून बसत. वर फुलदाणी, लग्नाचे फोटो, नाताळात सजावट. यातला टीव्ही बिघडला तरी लाकूड शाबूत राही. म्हणून मेलेल्या कन्सोलच्या डोक्यावर नवा लहान टीव्ही ठेवायचा, हे दृश्य अमेरिकेतल्या कितीतरी घरांत दिसे. १९६५ च्या कायद्यानंतर इथे आलेल्या आपल्यापैकी काहींचा पहिला संसार अशाच गराज सेलमधल्या कन्सोलवर उभा राहिला.

तिकडे आपल्या गावी काय चालले होते? दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. मुंबई केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९७२ ला निघाले, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागले. तिथल्या पेटीलाही लाकडी अंग होते, तिरके चार पाय होते आणि पुढे सरकती दारे, कित्येकदा कुलूपसुद्धा! किल्ली आईच्या पदराला किंवा वडिलांच्या खिशात. परीक्षेच्या दिवसांत ते कुलूप लागले, की 'छायागीत' शेजारच्यांकडे. वर भरतकामाचे कापड, त्यावर गणपती. पुढे सुताराला घरी बसवून प्लायवूड आणि सनमायकाचे शोकेस करून घेण्याची पद्धत आली. मधला मोठा खण टीव्हीचा, बाजूच्या काचेत कपबश्या आणि मुलांच्या बक्षिसांचे कप. अमेरिकेत फर्निचरमागे यंत्र लपवायची धडपड होती. आपल्याकडे त्याच दारांनी धूळ, मुले आणि कदाचित दृष्टही टाळायची होती.

इथे घराघरांतले चित्र पुन्हा पालटले ते व्हीसीआरने. १९७५ मध्ये बीटामॅक्स, १९७७ मध्ये अमेरिकेत व्हीएचएस. आता एका पेटीने भागेना. टीव्ही, व्हीसीआर, रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर आणि कॅसेटींच्या राशी, सगळ्यांना खण हवे होते. आर्चबोल्ड, ओहायो इथल्या सॉडरसारख्या कंपन्यांनी भुशाच्या दाबून केलेल्या फळ्यांची, घरी जोडायची युनिट्स खोक्यात घालून विकली. ज्यांना परवडे त्यांनी अस्सल ओक घेतला. १९९० च्या दशकात तर पूर्ण दारे बंद करता येणारी उंच कपाटे निघाली. पिक्चर ट्यूबही फुगत गेली. सोनीचा ४० इंची ट्यूबचा टीव्ही सुमारे ३०० पौंडांचा होता. तो उचलायला चार मित्र आणि नंतर त्यांना जेवण, हे ठरलेले.

आपल्या कपाटांत मात्र आणखी एक गोष्ट होती: भारतातून आलेल्या कॅसेटी. बहिणीचे लग्न, आजीची पंचाहत्तरी, दादरच्या घराचे वास्तुपूजन. कॅसेट बाहेरून हुबेहूब इथल्यासारखी. पण भारतात पाल पद्धत, चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेत एनटीएससी, ५२५ ओळी आणि ३० चित्रे. इथल्या व्हीसीआरमध्ये घातली की नुसत्या पट्ट्या धावत. म्हणून कुणीतरी 'मल्टिसिस्टिम' व्हीसीआर आणायचा आणि शनिवारी सगळ्यांनी त्याच्याकडे जमायचे. आपल्या कितीतरी ओळखी त्या एका यंत्रापुढे झाल्या.

मग ट्यूबच गेली. १९९७ च्या सुमारास ४२ इंची प्लाझ्मा पडदे हजारो डॉलरना मिळू लागले. पुढच्या दहा-बारा वर्षांत एलसीडीने ट्यूबला बाजारातून घालवले. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचे अॅनालॉग प्रसारण बंद झाले. कपाटाचा पराभव साध्या भूमितीने झाला. २७ इंची जुना पडदा सुमारे साडेएकवीस इंच रुंद आणि सोळा इंच उंच. ३२ इंची नवा पडदा उंचीला जवळपास तेवढाच, पण रुंदीला अठ्ठावीस इंच. ओकच्या खणात तो बसेचना. खोल खणाची गरजही उरली नाही. चार स्क्रू मारले की पडदा भिंतीवर. साठ वर्षे ज्या लांबीशी झगडा चालला ती नाहीशी झाली, आणि तिच्यासाठी बांधलेले घर रिकामे राहिले.

तेव्हा लाकडासाठी फार हळहळू नये. कुणाला हवे असेल तर द्यावे, दारे काढून पुस्तकांचे कपाट करावे, नाहीतर सरळ मोडीत काढावे. पण त्याआधी खालचे ड्रॉवर नीट उघडून पाहावेत. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. दमटपणाने तिला बुरशी लागते, चित्र विरत जाते. व्हीएचएस व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतली यंत्रे दरवर्षी कमीच होणार, आणि पालची कॅसेट वाचणारे यंत्र तर इथे आणखी दुर्मिळ. ज्यांच्याकडे मल्टिसिस्टिम व्हीसीआर अजून चालतो त्यांनी तो कचऱ्यात टाकू नये, मंडळाला कळवावे. प्रत्येक कॅसेटवर कोण, कुठे, केव्हा एवढे लिहून काढावे, कारण हे चेहरे ओळखणारी पिढीही आता आपलीच उरली आहे. आजीचा आवाज संगणकावर उतरवून झाला, की मग कपाट खुशाल जाऊ द्यावे.