ठाण्यातले चार पाहुणे

आठवीत असताना इतिहासाच्या बाईंनी 'माझ्या गावाचा इतिहास' असा निबंध लिहून आणायला सांगितला होता. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० पाहुणे. माझ्या वहीत बाईंनी खाली लाल शाईनं एकच शब्द लिहिला होता, 'त्याआधी?' गुण किती दिले ते आठवत नाही, प्रश्नचिन्ह मात्र आठवतं. बाई आता नाहीत. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा समितीचा तिसरा निरोप आला तेव्हा ठरवलं, की निबंध एकदाचा पूर्ण करावा.

खरं तर बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाण्यात मिळालंच नाही. कंपनीच्या कामासाठी मी काही महिने इटलीत होते. जेवणाच्या टेबलावर तिथल्या एका सहकाऱ्यानं सहज विचारलं, की तू भारतात नेमकी कुठली? मी मुंबई म्हटलं, मग सवयीनं 'म्हणजे मुंबईजवळ ठाणे' अशी दुरुस्ती केली. त्याचा काटा हातातच राहिला. तो म्हणाला, "ताना? आमच्या गावच्या एका माणसाला तिथे मारलं होतं. त्याची कवटी आमच्याकडे आहे." मी हसले, मग लक्षात आलं की तो गंमत करत नाही. त्याचं गाव टोलेंटिनो, इटलीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातलं. त्या गावचा मोठा संत निकोलस. हा थॉमस त्याच काळातला, पण नावानं धाकटा. रोमनं त्याला 'संत' नव्हे, त्याच्या अलीकडची 'धन्यवादित' ही पदवी दिली आहे, तीसुद्धा १८९४ साली. मरणानंतर ५७३ वर्षांनी.

त्या रात्री हॉटेलवर जाऊन मी वाचायला बसले ती आजतागायत अधूनमधून वाचतेच आहे.

थॉमसचा जन्म १२५५च्या सुमाराचा. असिसीच्या फ्रान्सिसच्या पंथात तो तरुणपणीच गेला. फ्रान्सिसला जाऊन तेव्हा जेमतेम पन्नास वर्षं होत होती आणि पंथात भांडण लागलं होतं, की गरिबीनं राहायचं म्हणजे किती गरिबीनं? मठांना जमिनी, धान्याची कोठारं चालतील का? थॉमस आणि त्याचे सोबती 'अजिबात नाही' म्हणणाऱ्यांतले. याबद्दल त्यांच्याच पंथातल्या वरिष्ठांनी त्यांना काही वर्षं कैदेत टाकलं. पुढे नवा प्रमुख आला, त्यानं १२८९च्या सुमारास त्यांना सोडवलं आणि लांब आर्मेनियाच्या राजाकडे पाठवून दिलं. अडचणीचा हुशार माणूस दूरच्या शाखेत बदली करून पाठवायची पद्धत जुनीच आहे म्हणायची.

थॉमस तिथे रमला. आर्मेनियाच्या राजासाठी मदत मागत तो पोप, फ्रान्सचा राजा, इंग्लंडचा राजा अशा दरबारांत फिरला. १३०७ साली त्यानं याहून मोठं काम केलं. चीनमध्ये, आजच्या बीजिंगमध्ये, जॉन ऑफ मॉन्टेकोर्विनो नावाचा एकटा फ्रान्सिस्कन वर्षानुवर्षं राहत होता. त्याची पत्रं थॉमसनं फ्रान्समध्ये पोपपर्यंत पोचवली. पोपनं जॉनला आर्चबिशप केलं आणि मदतीला सात बिशप नेमले. थॉमसला स्वतःला चीन बघायची ओढ लागली ती बहुधा तेव्हापासून. पासष्टीच्या आसपास तो अखेर निघाला.

बरोबर पडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा, म्हणजे जॉर्जियाचा, दिमित्री. हा दिमित्री अनेक भाषा जाणणारा, म्हणजे या मंडळींचा दुभाषा. शिवाय डोमिनिकन पंथाचा जॉर्डनस. होर्मुझहून गलबतात बसले. जायचं होतं केरळात, कोल्लमला. पोचले ठाण्याला.

हे ठाणे आपण तलावपाळीवर पाहिलेलं नव्हे. शिलाहारांची राजधानी असण्याचे दिवस सरले होते, यादवांचंही राज्य तीनेक वर्षांपूर्वी संपलं होतं आणि बंदरावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. दिल्लीत नुकताच, १३२० साली, गियासुद्दीन तुघलक गादीवर आला होता. ज्ञानेश्वरांच्या समाधीला पंचवीस वर्षं झाली होती आणि परंपरेनं सांगितलेली वर्षं धरली तर नामदेव तेव्हा पन्नाशीत होते. शाळेत ही माणसं मराठीच्या पुस्तकात, तुघलक इतिहासाच्या पुस्तकात आणि ठाणे भूगोलात, त्यामुळे ती एकाच वेळी जगत होती हे डोक्यात कधी आलंच नाही.

त्या ठाण्यात ख्रिश्चनांची पंधरा घरं होती, नेस्टोरियन म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाची. रोमच्या लेखी हे लोक पाखंडी. पण परदेशात जेवायला-झोपायला घर मिळतंय म्हटल्यावर पंथ कोण विचारतो! चौघे त्यांच्यातल्याच एका घरी उतरले. जॉर्डनस सोपाऱ्याला गेला, तिथून त्याला पुढे भडोचला जायचं होतं.

यापुढची हकिगत ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशानं सांगितली आहे. तो साधारण वर्षभरानं होर्मुझहून २८ दिवसांत ठाण्याला आला, ठाण्यातल्या लोकांकडून सगळं ऐकलं, आणि १३३० साली पडुआला परतल्यावर दुसऱ्या एका संन्याशाला तोंडी सांगून लिहवून घेतलं. म्हणजे हा प्रत्यक्षदर्शी नव्हे. आमच्या कामात एखादी यंत्रणा कोलमडली की आम्ही आधी बघतो, नोंद कुणी केली आणि किती वेळानं. इथे नऊ वर्षांचं अंतर आहे, आणि सांगणारा त्याच पंथाचा. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्यानं बायकोला मारलं. ती उठून काझीकडे गेली. काझीनं पुरावा विचारला. ती म्हणाली, माझ्या घरी चार फिरंगी साधू उतरलेत, हे घडलं तेव्हा ते घरात होते, त्यांना विचारा. तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. तो म्हणाला, बोलवाच, मोठे शास्त्र जाणणारे आहेत, धर्मावर चर्चा करू. पीटरला सामान राखायला घरी ठेवून बाकीचे तिघे गेले.

गेले साक्ष द्यायला. बायकोच्या मारहाणीचा विषय तिथेच संपला, कारण वाद सुरू झाला ख्रिस्त देव की माणूस यावर. वाद चांगला रंगला असं ओडोरिक सांगतो. मग काझीनं उलट प्रश्न टाकला, आमच्या पैगंबराबद्दल तुमचं काय मत? त्यांनी आधी टाळाटाळ केली. पुन्हा विचारलं तेव्हा थॉमसनं जे उत्तर दिलं ते फार कडवट आणि अपमानकारक होतं, ते इथे लिहायची गरज नाही. गरिबीच्या प्रश्नावर ज्यानं स्वतःच्या पंथाच्या तुरुंगात वर्षं काढली तो माणूस काझीसमोर गोड बोलेल असं कुणाला वाटलं असेल तर नवल. मला मात्र दिमित्रीचा विचार येतो. परदेशी ग्राहकाच्या बैठकीत आपल्या साहेबाचं तिखट वाक्य दुसऱ्या भाषेत सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे, आणि मी ते दर वेळी थोडं मऊ केलं आहे. दिमित्रीनं तसं केलं नाही किंवा त्याला करू दिलं नाही.

तिघांना उन्हात बांधून ठेवलं. एप्रिलमधलं ठाण्याचं ऊन. तरीही काही झालं नाही म्हणून शहराच्या मोकळ्या जागेत आग पेटवली. ओडोरिकच्या लॅटिनमध्ये त्या जागेसाठी शब्द आहे 'मेदान'. सातशे वर्षांपूर्वी लॅटिन मजकुरात आपलं मैदान पाहिल्यावर मला जे झालं ते इतरांना सांगून कळणार नाही. जेम्सला आगीत टाकलं, तो भाजला नाही. कपडे काढून, अंगाला तेल फासून त्याहून मोठ्या आगीत टाकलं, तरी नाही.

आता हे खरं का? आमच्या पिढीतल्या इंजिनियरनं 'अर्थातच नाही' म्हणून मोकळं व्हायचं असतं. पण मला त्याहून दुसरंच कुतूहल वाटलं. खुद्द फ्रान्सिस १२१९ साली इजिप्तच्या सुलतानासमोर गेला होता आणि 'मी आगीतून चालून दाखवतो' असं म्हणाला होता, ही कथा त्या पंथात मुरलेली होती. सुलतानानं ती परीक्षा घेतलीच नाही, असं कथा सांगते. म्हणजे गुरूची राहून गेलेली अग्निपरीक्षा शंभर वर्षांनी ठाण्याच्या मैदानात शिष्यानं पुरी केली. आपल्याकडे प्रल्हाद आहे, सीता आहे, इंद्रायणीत तरलेल्या वह्या आहेत, तेव्हा ही रीत आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.

चमत्कार बाजूला ठेवला तरी पुढचा भाग पटतो. शहराचा कारभारी मलिक याला हे प्रकरण वाढवायचं नव्हतं. त्यानं चौघांना गुपचूप खाडीपल्याड पाठवलं आणि हा मुलूख सोडा म्हणून सांगितलं. तिथे एका हिंदूच्या घरी ते उतरले. (खाडीपल्याड म्हणजे माझ्या मनात कळवाच येतो. इलाज नाही.) पण काझीनं मलिकाचं मन वळवलं आणि रात्री चार हत्यारबंद माणसं पाठवली गेली. थॉमस, जेम्स, दिमित्री त्या रात्री मारले गेले. पीटर नंतर सापडला, त्याचे हाल करून त्यालाही संपवलं. दिवस ९ एप्रिल १३२१, पीटरचा ११ एप्रिल.

कथा पुढे न्यायनिवाडा करते. मलिकाच्या स्वप्नात चौघे तलवारी घेऊन येतात. तो घाबरून त्यांच्या नावानं चार प्रार्थनास्थळं बांधतो. दिल्लीच्या बादशहाला कळतं, मलिक मारला जातो, काझी पळून जातो. हा शेवट मला फारच सोयीचा वाटतो.

जॉर्डनस बातमी ऐकून परत फिरला आणि त्यानं प्रेतं सोपाऱ्याला पुरली. सहा महिन्यांनी, १२ ऑक्टोबर १३२१ला, त्यानं गुजरातेतल्या घोघ्याहून पत्र लिहिलं. ते कामाचं पत्र आहे, कुठल्या कुठल्या बंदरात माणसं पाठवावीत ते सांगणारं. नंतरच्या पत्रात मात्र त्याचा एकटेपणा, आजारपण, खाल्लेला मार हे सगळं आहे. सोबत आलेले चारही जण गेले आणि हा मागे राहिला. मला पाचांत सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच. पुढे १३२९ साली पोपनं त्याला कोल्लमचा बिशप नेमलं.

ओडोरिकनं ती हाडं सोपाऱ्याहून उकरली, कापडात बांधली आणि बरोबर घेऊन निघाला. रात्री उशाशी घेऊन झोपला असता घराला आग लागली, तो होता तो कोपराच तेवढा जळला नाही. समुद्रात वारा पडला, सगळ्या धर्मांच्या लोकांनी आळवून पाहिलं, शेवटी ओडोरिकनं एक हाड गुपचूप पाण्यात टाकायला लावलं आणि वारा सुटला. ठाण्याहून उचललेली हाडं चीनच्या झैतून, म्हणजे आजच्या च्वानचौ बंदरातल्या मठात पुरली गेली. थॉमसला जायचं होतं तिथेच, चीनला. कवटी तेवढी उलट्या दिशेनं टोलेंटिनोला गेली.

हाच ओडोरिक ठाण्याचं वर्णनही करतो. इथली वटवाघळं कबुतराएवढी. उंदीर तर कुत्र्याएवढे, त्यामुळे मांजरं कुचकामी ठरतात आणि ते काम कुत्र्यांना करावं लागतं. आपल्या शाळेमागच्या गटाराजवळच्या घुशी ज्यांनी पाहिल्या आहेत ते या माणसाला खोटारडा म्हणणार नाहीत. प्रत्येकाच्या दारासमोर एक झाड असतं, पाणी घातलं की सुकत नाही, असंही तो सांगतो. १८६६ साली हेन्री यूलनं त्याच्या प्रवासाचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यात ही तुळस असावी असं म्हटलं आहे. मला ते एकदम पटलं.

त्या घरातल्या बाईचं नाव कुणीच लिहिलेलं नाही. काझीकडे ती चार संत घडवायला गेली नव्हती, नवऱ्यानं मारलं ते सांगायला गेली होती. तिच्या फिर्यादीचा निकाल लागल्याचं ओडोरिक सांगत नाही. पुढे मलिकानं शहरातल्या सगळ्या ख्रिश्चनांना कैद केलं आणि त्या स्वप्नानंतर सोडून दिलं, एवढं तो सांगतो. त्या पंधरा घरांत तिचंही घर असणार.