नावाविना मतदार

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदार याद्या करणारे दारात आले, तेव्हा उत्तरेकडील अनेक प्रांतांत बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. राज्यघटनेने दिलेला हक्क घरातल्या नात्याने उंबऱ्यातच अडवला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांच्या किंचित पुढे गेली. तरी आम्ही शिक्षक यादीच्या कामाला घरोघरी जातो, तेव्हा अजूनही काही ठिकाणी बाईचे नाव घरातला पुरुषच सांगतो. आम्ही ते पुन्हा तिलाच विचारतो.