कपाशीवरचं उंबराचं फूल

केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून नागपुरात आहे, आणि इथल्या कपाशीवाल्यांना ‘क्रायसोपा’ हा शब्द नवा नाही. मावा, तुडतुडे, बोंडअळीची अंडी फस्त करणारा हा मित्रकीटक. शब्द ग्रीक, अर्थ ‘सोनेरी डोळ्यांचा’; लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1815 मध्ये तो रूढ केला.

त्याच्या गणाचं नाव न्यूरोप्टेरा. लिनीअसने 1758 मध्ये वापरलेली ही जोडी परकी वाटते, पण तिचे दोन्ही घटक आपल्या नात्यातले आहेत. ‘न्यूरॉन’ आणि संस्कृत ‘स्नावन्’ एकाच मुळाचे. दोन्हींचा जुना अर्थ शीर, तात. आपला ‘स्नायू’ त्यांचाच सोयरा. ‘प्टेरॉन’ आणि ‘पत्र’ यांच्या मुळाशी उडण्याचा धातू आहे, म्हणून संस्कृतात पत्र म्हणजे पानच नव्हे, पंखही.

याच गणात सिसिरिडी हे छोट्या कीटकांचं कुळ येतं. त्यांच्या अळ्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर जगतात. नावात मात्र ना पाणी, ना स्पंज. ‘सिसुरा’ म्हणजे ग्रीकांची शेळीच्या केसांची घोंगडी.

डोळे, पंख, केस. युरोपातल्या पंडितांची नजर प्रौढ कीटकावर खिळली. जपान्यांनी अंडी पाहिली. क्रायसोपाची मादी केसाएवढ्या बारीक, ताठ देठाच्या टोकावर एकेक अंडं ठेवते. त्यामुळे ती मुंग्यांपासून आणि आधी जन्मलेल्या खादाड भावंडांपासून बचावतात. जपानीत या अंड्यांना ‘उदोंगे’ म्हणतात, आणि हा आपला उदुंबर आहे! उंबराची फुलं फळाच्या पोटात दडलेली असतात. म्हणून बौद्ध ग्रंथांनी बुद्धाचं प्रकट होणं उंबराच्या फुलाइतकं दुर्मीळ मानलं. ग्रंथांबरोबर शब्द चिनीत गेला, तिथून जपानीत, आणि कधी न दिसणारं ते फूल तिकडच्या लोकांना या अंड्यांत सापडलं. फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण ‘उंबराचं फूल झालास’ म्हणतो, तेही याच कल्पनेतून.

1956 मध्ये बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या नागपुरात हा शब्द परका वाटायचं कारण नाही. कपाशीचं पान उलटलं की ही अंडी दिसू शकतात. कीड समजून त्यांच्यावर फवारा मारला जाऊ नये, यासाठी त्यांना सोपं मराठी नाव हवं. ‘उंबरफूल’ म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.