शिवेवरचा रोग

शीव नसलेले गाव ही कल्पनाच आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेला मान्य नव्हती. गोदावरीच्या उत्तर तीरालगतच्या ज्या काळ्या मुलखात समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब वसलेले आहे, त्या घनसावंगीच्या परिसरातही जमिनीचा सारा, पाण्याचा हक्क, बेवारस प्रेताचा पंचनामा आणि कोंडवाड्यात घातलेल्या गुरांचा दंड या सर्वांचा निवाडा शिवेच्याच आधाराने होत आला. सारा, हक्क आणि दंड यांनी मानलेली ही शीव गुरांच्या साथीने मात्र कधीच मानली नाही. आणि या मुलखातील पशुवैद्यकाचा इतिहास म्हणजे न मानणाऱ्या त्या शत्रूशी शिवेच्या भाषेत बोलू पाहणाऱ्या माणसाची दीर्घ आणि बरीचशी निष्फळ खटपट होय, असे मला वाटते.

या इतिहासाच्या आरंभीच एक उणीव दृष्टीस पडते. बारा बलुतेदारांच्या परंपरागत यादीत नांगर करणारा सुतार आहे, फाळ शेवटणारा लोहार आहे, मुहूर्त सांगणारा जोशी आहे. परंतु ज्याच्या खांद्यावर सारी शेती उभी होती त्या बैलाचा वैद्य तीत नाही. याचा अर्थ ज्ञान नव्हते असा नव्हे. ते एका हाती नव्हते, इतकाच. मुरगळलेल्या सांध्यावर वा सुजलेल्या खांद्यावर डाग देण्याची लोखंडी डागणी लोहाराच्या भट्टीत तापे, गोऱ्हे ठेचून त्याचा बैल करण्याचे काम बहुधा मांगाकडे असे, मेंढरांच्या व्याधी धनगराला ठाऊक असत, बिब्बा कोठे लावावा हे एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला कळे, आणि मेलेल्या जनावराच्या पोटात काय दिसते हे, कोणत्याही विच्छेदनगृहाच्या कितीतरी आधी, ज्यांच्यावर मृत गुरे ओढण्याचे काम लादले होते त्या महारांनी आणि कातडे कमावणाऱ्या ढोरांनी पाहिले होते. त्यांचे हे पाहणे कोणी विचारले नाही, कोणत्याही दप्तरात नोंदवले नाही; आणि ज्या ज्ञानाला विचारणारा भेटत नाही ते पिढीबरोबरच मातीत जाते.

शास्त्र नव्हते असेही नाही. शालिहोत्राच्या नावाने अश्वचिकित्सेची आणि पालकाप्याच्या नावाने गजचिकित्सेची परंपरा या देशात शतकानुशतके चालत आली, आणि 'सालोतरी' हा शब्द त्याच शालिहोत्राची आठवण घेऊन लष्करी तबेल्यांत रुळला. पण ज्या प्राण्यावर राजसत्ता आरूढ होते त्याच्या वाट्याला ग्रंथ आले आणि ज्याच्यावर रयत जगते त्याच्या वाट्याला डागणी आली, हा आपल्या पशुवैद्यकाचा मूळचा पंक्तिप्रपंच इंग्रजी अमदानीतही लगेच मोडला नाही. जालन्याच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे स्वार होते, त्यांच्या घोड्यांची निगा ही लष्कराची गरज होती. पुण्यास १८६२ मध्ये जे पशुवैद्यकीय विद्यालय निघाले तेही लष्कराच्याच गरजेपोटी. रयतेच्या बैलाकडे सरकारचे लक्ष जाण्यास एका भयंकर रोगाची आवश्यकता होती, आणि तो रोग म्हणजे बुळकांडी.

ज्यांनी बुळकांडी पाहिली अशी माणसे आता विरळ होत चालली आहेत. आधी ताप चढे, रवंथ थांबे, डोळ्यांतून आणि नाकातून स्राव वाहू लागे, तोंडात व्रण पडून लाळ गळे आणि मग दुर्गंधी जुलाबांनी जनावर असे रिते होई की आठवड्या-दीड आठवड्यात गोठ्यात दावे तेवढे उरे. रोग नवा असलेल्या कळपात दहांतील नऊ जनावरे दगावणेही अशक्य नव्हते. घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी येत, ठरावीक जागी येत आणि काहींना नेऊन थांबत. लाळ्या-खुरकूत मोठ्या जनावराला सहसा मारीत नसे, केवळ निकामी करी. परंतु बुळकांडी शेतकऱ्याला एका पंधरवड्यात कुणबी असण्यापासूनच पदच्युत करी, कारण बैलावाचून कुणब्याचा कुणबीपणा तो काय?

अशा वेळी गाव काय करी? वेशीवर तोरण बांधून त्याखालून गुरे काढी, मरीआईला कोंबडे दाखवी, आणि कोठे कोठे देवीचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेपार नेऊन सोडी. हा विधी हसण्यावारी नेण्याचा मोह मी आवरतो. कारण रोग बाहेरून येतो आणि त्याला बाहेर ठेवले पाहिजे, एवढे त्यातले निरीक्षण यथार्थच होते. चूक होती ती दुसऱ्या टोकाला: माझ्या शिवेपलीकडे जे गेले ते संपले, या समजुतीत. पलीकडे दुसरे गाव होते, त्यालाही शीव होती आणि त्यालाही मरीआई होती.

गावाची ही समजूत राज्यांनीही मोठ्या प्रमाणावर जोपासली. अंबड तालुक्याचा भाग असलेला हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या रियासतीत, म्हणजे लोकांच्या भाषेत मोगलाईत, होता. आणि उत्तरेस खानदेश, पश्चिमेस नगर व ईशान्येस वऱ्हाड या इंग्रजी अंमलाखालच्या मुलखांनी त्याला वेढले होते. या सरहद्दींवर करोडगिरीची नाकी होती आणि तेथे मालावर जकात बसे. रोगावर जकात बसवण्याची युक्ती कोणाही दिवाणाला सुचली नव्हती. बंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य लादलेल्या बैलांसह दख्खन ओलांडीत, बैलांचे सौदे करणारे व्यापारी बाजारामागून बाजार गाठीत, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत दूरदूरची जनावरे एकत्र बांधली जात; आणि ज्या मार्गांनी मीठ आले त्याच मार्गांनी बुळकांडीही आली. त्यात तांड्याचा दोष नव्हता. रेल्वेपूर्व काळात बैल हेच देशाचे चाक होते, आणि चाकाबरोबर चिखल येणारच.

इंग्रज सरकारने हॅलन यांच्या नेतृत्वाखाली गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी जे मंडळ नेमले, त्याचा अहवाल १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथून संस्थांची मालिका सुरू झाली: १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय, १८८९ मध्ये पुण्यास जंतुशास्त्राची शाही प्रयोगशाळा, १८९२ मध्ये मुंबई इलाख्याचे मुलकी पशुवैद्यक खाते. घातक जंतू दाट वस्तीत बाळगणे धोक्याचे म्हणून ती प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरास हलवण्यात आली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेले. आणि १९२६-२७ च्या सुमारास तेथील संशोधक एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका बोकडातून दुसऱ्यात असा वारंवार टोचून इतका सौम्य केला की तोच लस म्हणून बैलाला टोचता यावा. शत्रूला शेळ्यांच्या शाळेत घालून सभ्य करण्याचा हा उपाय स्वस्त होता, आणि गरीब देशाला परवडणारा होता. तरीही पुढची पंचवीस-तीस वर्षे बुळकांडी जिवंतच राहिली. कारण सुई जेथे साथ निघे तेथे धावे, आणि साथ तोवर पुढच्या शिवेत पोहोचलेली असे.

१९५४ मध्ये केंद्र सरकारने बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय योजना हाती घेतली. तिच्यामागचा विचार नवा होता: साथ येण्याची वाट न पाहता, पाच वर्षांत देशातील शेकडा ऐंशी गुरांना टोचावयाचे. दोन वर्षांनी, १९५६ च्या नोव्हेंबरात, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि या मुलखाचा बैल व नगरचा बैल प्रथमच एका सरकारच्या दप्तरात दाखल झाले. भाषावार प्रांतरचनेच्या चर्चेत कोणी गुरांचा विचार केल्याचे ऐकिवात नाही; परंतु एका राज्यात आल्याचा लाभ ज्यांना भाषा नाही अशा मुक्या प्रजेलाही झाला.

त्याच सुमारास आणखी एक घटना घडत होती, जिची नोंद पशुवैद्यकाच्या इतिहासात सहसा केली जात नाही. मेलेली गुरे ओढण्याचे आणि मृतमांसाचे जिणे सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेपासून आपल्या समाजाला बजावले होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातील गावोगावी हे काम नाकारले जाऊ लागले, आणि त्यापायी अनेकांना गावकीचा रोष व बहिष्कार सोसावा लागला. आपले जनावर आपणच पुरावे लागणे हा मालकांना अपमान वाटला. पण काळपुळीने अथवा फऱ्याने मेलेले जनावर उघडू नये, ओढत नेऊ नये, कातडे सोलू नये, खोल खड्ड्यात चुना टाकून जागच्या जागी पुरावे, हेच शास्त्रही सांगत होते. माणुसकीने मागितले ते आणि जंतुशास्त्राने मागितले ते, दोन्ही एकच निघाले. गावाने मात्र दोघांचेही ऐकण्यास फार वेळ लावला.

जिल्हा परिषदा आल्यावर पशुवैद्यकीय दवाखाना आडगावापर्यंत पोहोचला. लोखंडी नळ्यांचा खोडा, त्यात अडकवलेला अनिच्छुक बैल, शेपटी धरून उभा असलेला मालक, आणि बर्फाच्या थर्मासातून लस काढणारे डॉक्टर, हे दृश्य मराठवाड्यात पाटी वाचण्याआधीच दवाखान्याची ओळख पटवते. १९७२ हे दुष्काळाचे वर्ष. त्याच वर्षी परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि मराठवाड्याच्या मुलांना हे शास्त्र शिकण्यासाठी मुंबई अथवा हैदराबाद गाठण्याची गरज उरली नाही. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, आणि पुढे अंबडातून घनसावंगीचा स्वतंत्र तालुका निघाला.

बुळकांडीचा शेवट कसा झाला हे सांगताना लशीचे गुणगान करून थांबणे ही अर्धवट गोष्ट होईल. देशात १९९५ मध्ये शेवटची साथ दिसली; त्यानंतर टोचणे थांबवून विचारणे सुरू झाले. रोग उरलेला नाही हे सिद्ध करण्यासाठी पशुवैद्य गावोगाव फिरले, असे लक्षण कोणाच्या गोठ्यात दिसले काय म्हणून गुराख्यांना विचारीत राहिले, आणि मिळालेले नकारही नोंदवीत राहिले. २००६ मध्ये भारताला बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त देश अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये सारे जग तिच्यापासून मुक्त घोषित झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसराच रोग. त्याला मारण्यात सुईचा वाटा जितका, तितकाच ज्याला पूर्वी कधी कोणी विचारले नव्हते त्या गुराख्याला विचारण्याचा.

हा धडा आपण पाठ केला होता काय, याची परीक्षा लवकरच झाली. १९२९ मध्ये आफ्रिकेतील उत्तर ऱ्होडेशियात प्रथम वर्णन झालेला लम्पी त्वचारोग २०१९ मध्ये ओडिशात दिसला आणि २०२२ च्या पावसाळ्यात जळगावाकडून महाराष्ट्रभर पसरला. माशा, डास आणि गोचीड हे त्याचे वाहक. त्यांना ना जकातनाके ठाऊक, ना जिल्ह्याच्या हद्दी. बैलबाजार बंद झाले, वाहतूक थांबली, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली, आणि दगावलेल्या गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार व वासरामागे सोळा हजार रुपये अशी भरपाई ठरली. परंतु भरपाईसाठी पंचनामा, पंचनाम्यासाठी वेळेवर वर्दी. आणि ऊसतोडीच्या हंगामात गोदावरीपलीकडून टायरगाड्यांचे बैल तीर्थपुरीच्या कारखान्याकडे येणार, त्यांची वर्दी कोणत्या गावाने द्यावयाची? बंजाऱ्यांच्या तांड्याच्या जागी ऊसतोडीचा तांडा आला एवढाच काय तो फरक. शिवेवरचा प्रश्न जागचा हलला नाही. शेळ्यामेंढ्यांतील पीपीआर, लाळ्या-खुरकूत, माणसालाही बाधणारा सांसर्गिक गर्भपात, आणि उठल्यासुटल्या टोचलेल्या प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू ही आजच्या पशुवैद्याच्या टेबलावरची प्रकरणे आहेत. त्यांपैकी एकही असे नाही की जे एका गावाच्या, एका दवाखान्याच्या हुकमाने निकालात निघेल.

आता जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. मोगलाईतल्या पटवाऱ्याला स्वप्नातही सुचली नसती अशी ही खानेसुमारी. बैल कोठेही विकला जावो, त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर जातो, आणि शिवेने न अडणाऱ्या रोगाला शिवेने न अडणारी नोंद मिळते. परंतु बिल्ला बोलत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण होते; हळद-तूप हाताला लावून मालक वर्षभर जू वाहिलेल्या मानेवरून आणि वशिंडावरून हळूहळू हात फिरवतो. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस पोळा आला तेव्हा ही साथ राज्यात सुरू होऊन काही आठवडेच झाले होते, आणि पुढच्या वर्षी काही जिल्ह्यांत प्रशासनाला पोळा घरच्या घरी साजरा करण्याचे आवाहन करावे लागले. कातड्याखालची पहिली गाठ ज्या हाताला लागते तो हात कोणत्याही प्रयोगशाळेचा नसतो, खांदेमळण करणाऱ्याचाच असतो. बारा बलुत्यांत बैलाचा वैद्य का नव्हता, याचे उत्तर कदाचित इथेच असेल: गावाने ते काम मालकाच्या तळहातावर सोपवले होते. ती गाठ लागल्यावर हात मुकाट्याने पुसून बैल शेजारच्या बाजारात विकायचा, की दवाखान्याची वाट धरून वर्दी द्यायची, हे त्या संध्याकाळी, त्या गोठ्यात, कंदिलाच्या उजेडात ठरत आले आहे. आणि आज कंदिलाच्या जागी दिवा आला असला तरी ते ठरते तेथेच.